थोडी पाडली, की थोडी उरली?

एखाद्या प्राचीन नाण्याचे जगभरात मिळून दहाच नमुने माहीत आहेत, एवढे कळले की संग्राहकाच्या लेखी त्याचा भाव ठरून जातो. त्या दहा नमुन्यांविषयी पहिला प्रश्न मात्र वेगळा विचारायला हवा: ही दहा नाणी किती ठशांतून निघाली? प्राचीन टांकसाळीत नाणे हाताने पाडले जाई. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, त्यावर चांदीची चकती, चकतीवर वरचा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. प्रत्येक ठसा कारागीर स्वतः कोरत असल्यामुळे दोन ठसे तंतोतंत सारखे कधीच उतरत नसत. कानाजवळची केसांची बट, एखाद्या अक्षराचा कललेला पाय, दोन अक्षरांतले अंतर, एवढ्यावरून आज दोन हजार वर्षांनीही ठसा ओळखता येतो. ही दहा नाणी एकाच ठशाची निघाली, तर मूळ नाणी थोडीच पाडली होती, असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. दहाही वेगवेगळ्या ठशांची निघाली, तर निष्कर्ष अगदी उलटा होतो. इतके ठसे कोरावे लागले, अजून हाती न लागलेले आणखी कितीतरी असणार, म्हणजे नाणी हजारोंनी पाडली गेली आणि पुढे जवळजवळ सगळी नाहीशी झाली. लिलावाच्या यादीत दोहोंपुढे शब्द एकच छापतात: दुर्मिळ. पहिले नाणे थोडे पाडले म्हणून दुर्मिळ, दुसरे थोडे उरले म्हणून. रोमन साम्राज्याच्या प्रांतिक टांकसाळींतल्या चांदीच्या नाण्यांचा संग्रह करू पाहणाऱ्याने हा भेद धरूनच सुरुवात करावी, आणि दुर्मिळतेची संख्या मोजण्यापेक्षा तिचे कारण शोधावे, असे माझे म्हणणे आहे. या नाण्यांच्या बाबतीत ते कारण बहुतेक वेळा एखादा राज्यकारभाराचा निर्णय असतो, आणि तो निर्णय कळण्याचे नाण्याइतके चांगले साधन अनेकदा दुसरे नसते.

रोमची चांदी म्हटली की दिनारियस आठवतो. आपल्या संस्कृतातला ‘दीनार’ त्याच शब्दावरून आला. साम्राज्याच्या पश्चिम भागात हा दिनारियस खरोखरच चांदीचे मुख्य नाणे होता. पूर्वेकडे तसे नव्हते. ग्रीकभाषक पूर्वेत रोमन येण्यापूर्वीच नाण्यांची जुनी, घट्ट रुळलेली घडी होती आणि रोमनांनी ती मोडली नाही. सीरियात अँटिऑकचा टेट्राड्रॅक्म चालला, पश्चिम अनातोलियात सिस्टोफोरस, कॅपाडोशियात सीझरियाचा ड्रॅक्मा, लिशियात वीणेसारख्या वाद्याची छाप असलेली छोटी नाणी, आणि इजिप्तमध्ये तर बाहेरच्या चांदीला मज्जाव करणारी स्वतंत्र व्यवस्थाच. या नाण्यांना पूर्वी ‘ग्रीक इम्पीरियल’ म्हणत. 1992 मध्ये अँड्र्यू बर्नेट, मिशेल अमांद्री आणि पेरे पाऊ रिपोयेस यांनी ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ या महासूचीचा पहिला खंड काढला, तेव्हापासून ‘प्रांतिक’ हे नाव रूढ झाले. नावातला हा बदल महत्त्वाचा आहे, कारण ही नाणी ग्रीक परंपरेचे शेपूट आहेत की रोमन राज्यव्यवस्थेचा चालता अवयव, याचा निवाडा त्यात आहे.

खुद्द रोमन सत्ताधाऱ्यांना हा प्रकार खटकत असे, याचाही पुरावा आहे. तिसऱ्या शतकातला इतिहासकार कॅसियस डिओ स्वतः सिनेटर होता, कॉन्सल होता. त्याने आपल्या इतिहासात इसवी सनपूर्व 29 मधला एक प्रसंग रंगवला आहे. त्यात मिसिनस ऑगस्टसला सल्ला देतो की कोणत्याही शहराला स्वतःचे नाणे आणि वजनमापे ठेवू देऊ नयेत, सर्वांनी आपलीच वापरावीत. हा सल्ला अर्थातच डिओच्या काळातला, मिसिनसच्या तोंडी घातलेला. ऑगस्टसनंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही एका अनुभवी सिनेटरला तो द्यावासा वाटतो, म्हणजे तोवर एकच नाणे झालेले नव्हते. ते झाले तिसऱ्या शतकाच्या शेवटच्या दशकात, डायोक्लिशियनच्या सुधारणेने. अंकुशी आणि चांदवडी रुपयांचा, सराफाच्या बट्ट्याचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला अशा व्यवस्थेचे नवल वाटू नये. पर्गामम इथे हेड्रियनच्या काळातला एक शिलालेख सापडला आहे. तिथल्या सराफांना नाणी बदलून देण्याचा मक्ता होता. दिनारियस घेताना ते 17 अस्सारिया देत आणि विकताना 18 घेत. त्यांनी त्यापलीकडे लोकांना नाडल्याच्या तक्रारी आल्या आणि प्रकरण थेट रोमन सत्तेपुढे गेले. अठराव्या नाण्याचा हा हिशेब लक्षात ठेवून पुढची नाणी पाहिली, तर ती शोभेच्या वस्तू राहत नाहीत.

सिस्टोफोरसपाशी थोडे थांबायला हवे, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम आधार तिथे आहे. हे नाणे पर्गाममच्या अटॅलिड राजांनी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात काढले. डायोनिससच्या पूजेतली करंडी आणि तिच्यातून बाहेर येणारा साप ही त्याची मूळ छाप. नावही त्या करंडीवरूनच. इतरत्र चालणारा अ‍ॅटिक तोलाचा टेट्राड्रॅक्म सुमारे 17 ग्रॅमचा आणि हा साडेबाराच्या आसपास. नाणे हलके ठेवले की ते राज्याबाहेर जात नाही, हा त्यामागचा हिशेब. इसवी सनपूर्व 133 मध्ये शेवटच्या राजाने राज्य मृत्युपत्राने रोमला दिले. नाणे तसेच चालू राहिले, तीन दिनारियस या भावाने. पुढे त्यावर रोमन सुभेदारांची नावे येऊ लागली. सिलिशियाचा सुभेदार म्हणून इसवी सनपूर्व 51-50 मध्ये सिसेरो पूर्वेला होता, तेव्हाची अपामिया आणि लाओडिसिया इथली त्याच्या नावाची सिस्टोफोरस नाणी आज अतिशय थोडी आहेत. त्याच सिसेरोने पुढे एका पत्रात आपले 22 लाख सेस्टर्स आशियात सिस्टोफोरस नाण्यांच्या रूपात असल्याचे लिहिले आहे. प्रांताचा पैसा प्रांतात अडकलेला, ही स्थिती त्या एका वाक्यात दिसते. त्यानंतर मार्क अँटनीने स्वतःचा आणि ऑक्टेव्हियाचा चेहरा असलेली, आणि मग ऑगस्टसने मकर, गव्हाच्या ओंब्यांची जुडी, स्फिंक्स अशा छापांची हीच नाणी मोठ्या संख्येने पाडली.

त्यानंतर दीडशे वर्षांनी हेड्रियनने काय केले, ते नाणे हातात घेऊनच पाहावे. समोर सम्राटाचे दाढीधारी मस्तक, भोवती लॅटिन अक्षरांत त्याचे नाव आणि शेवटी ‘पितृभूमीचा पिता’ या पदवीची दोन अक्षरे. ही पदवी त्याने 128 मध्ये स्वीकारली, म्हणून नाणे त्यानंतरचे. मागे कधी इफिससची आर्टेमिस, कधी हातात दुधारी परशू घेतलेला कॅरियातला झ्यूस लाब्राउंडोस, कधी कोण्या लहान गावची देवता. आता नाणे उजेडात तिरके धरून सावकाश फिरवले, की सपाट भागात एक दुसरीच रेषा वर येते. हेड्रियनच्या मानेपाशी दुसऱ्या कोणाच्या तरी मानेची कड असते, देवतेच्या पायांशी उलट दिशेने धावणाऱ्या अक्षरांचे तुकडे असतात. ही रेषा ऑगस्टसची किंवा अँटनीची. हेड्रियनची जवळजवळ सगळी सिस्टोफोरस नाणी जुन्या सिस्टोफोरस नाण्यांवरच पुन्हा छापलेली आहेत. 1980 मध्ये विल्यम मेटकाफ यांनी या मालिकेचा ठशांनिशी अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून हे चित्र नीट उभे राहिले. जुनी, झिजलेली नाणी प्रांतातून गोळा करायची, वितळवण्याचा खर्चही टाळायचा आणि त्याच चकत्यांवर नवी छाप मारून ती प्रांतात परत सोडायची, अशी ही मोहीम होती. मूळ नाणी ऑगस्टसच्या टांकसाळींनी भरपूर पाडलेली होती. त्यांतली जी या मोहिमेत सापडली, ती त्या रूपात संपली. याउलट हेड्रियनच्या काही गावांच्या छापांसाठी मोजकेच ठसे वापरलेले दिसतात, म्हणजे ती मुळातच थोडी होती. एकाच चकतीवर खाली ‘थोडे उरलेले’ आणि वर ‘थोडे पाडलेले’. नुसती उपलब्ध नमुन्यांची संख्या मांडणारी यादी या दोहोंना एका रांगेत बसवते, आणि नाण्यात दडलेली ती प्रांतभर चाललेली गोळाबेरीज वाचकापासून लपून राहते.

अँटिऑकची कथा वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येते. पाँपेने इसवी सनपूर्व 64 मध्ये सीरिया रोमला जोडला. त्यानंतर गॅबिनियस या प्रोकॉन्सुलच्या काळापासून रोमनांनी तिथे जी चांदी पाडली, तिच्यावर चेहरा होता फिलिप फिलाडेल्फस या मृत सेल्युसिड राजाचा. नावही त्याचेच, मागे सिंहासनावर बसलेला झ्यूसही त्याचाच. रोमची खूण फक्त एका छोट्या जोडाक्षरात. लोकांना ज्या चेहऱ्याच्या चांदीची सवय होती तोच चेहरा चालू ठेवावा, हा विचार इतका पक्का की ऑगस्टसच्या राजवटीतही काही वर्षे हे मेलेल्या राजाचे नाणे पाडले जात होते. एडवर्ड न्यूएल यांनी 1919 मध्ये या नाण्यांची रोमनपूर्व आणि रोमन अशी फोड नीट मांडली. ही फोड लक्षात येण्यापूर्वी संग्राहक ज्याला राजा फिलिपचे साधे, मुबलक नाणे समजत, त्यातले कितीतरी प्रत्यक्षात रोमन सुभेदारांचे पहिले प्रांतिक नाणे होते. ते मुबलक आहे म्हणून कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. माझ्या मते प्रांतिक चांदीच्या कोणत्याही संग्रहाचे पहिले पान त्याचेच असायला हवे.

इजिप्तमध्ये तर दाराला कडीच होती. टॉलेमी राजांनी इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापासून परक्या नाण्यांना बंदी घातली होती आणि रोमनांनी ती व्यवस्था उचलली. टायबेरियसच्या सातव्या वर्षी, म्हणजे 20-21 मध्ये, अलेक्झांड्रियाचा चांदी-तांब्याच्या मिश्रणाचा टेट्राड्रॅक्म सुरू झाला आणि डायोक्लिशियनच्या काळापर्यंत चालला. या नाण्यांवर सम्राटाचे राज्यवर्ष छापलेले असते, त्यामुळे कोणत्या वर्षी काय घडले ते ताडून पाहता येते. निरोच्या दहाव्या वर्षापासून पुढची नाणी इतकी आहेत की ती अनेक साठ्यांत भरून राहिली आहेत. जुनी टॉलेमी चांदी गोळा करून त्यांत आटवली गेली, असे अभ्यासक मानतात. म्हणजे निरोची विपुलता आणि त्याआधीच्या नाण्यांची टंचाई ही एकाच निर्णयाची दोन टोके ठरतात. याच्या अगदी उलट उदाहरण पल्मायराची राणी झेनोबिया हिचे. 270 च्या सुमारास पल्मायराच्या फौजांनी इजिप्त घेतले, तेव्हा अलेक्झांड्रियाच्या नाण्यावर एका बाजूला सम्राट ऑरेलियन आणि दुसऱ्या बाजूला झेनोबियाचा मुलगा वाबलाथस असे दोन चेहरे आले. दोघांची राज्यवर्षे वेगळी. मग ऑरेलियनचा चेहरा गळाला, मुलगा एकटा सम्राटाच्या थाटात झळकला आणि झेनोबियाच्या स्वतःच्या नावाचेही नाणे निघाले. 272 पर्यंत इजिप्त पुन्हा ऑरेलियनकडे गेले. उघड फुटीनंतरचा काळ वर्षांत मोजण्याइतकाही लांब नव्हता. तेव्हाच्या नाण्यात चांदी नावापुरतीच असली तरी झेनोबियाचे नाणे आज फार मोठ्या किमतीला जाते, आणि इथे ती किंमत योग्य कारणासाठी मिळते: ते खरोखर थोडे पाडले गेले, आणि का थोडे पाडले गेले ते आपल्याला माहीत आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो. हिणकस चांदी, ओबडधोबड छाप, काठाबाहेर गेलेली अक्षरे. रोमच्या दिनारियसचा कोरीव रेखीवपणा सोडून कोणी हे का जमवावे? छापेबाबत मी वाद घालणार नाही. सौंदर्य हाच हेतू असेल तर अलेक्झांड्रियाची तिसऱ्या शतकातली नाणी निराशच करतील. तरी सीझरियाचा ड्रॅक्मा पाहावा. त्यावर आर्गेअस पर्वत आहे, आजच्या तुर्कस्तानातला एर्जियेस, 3917 मीटर उंच. बोटाच्या पेराएवढ्या जागेत कारागिराने त्याचे सुळके, उतारावरची झाडे, कधी शिखरावर उभा देव असे सगळे बसवले आहे. या पर्वतावरचे बर्फ कधी वितळत नाही, आणि निरभ्र दिवशी माथ्यावरून दोन समुद्र दिसतात असे चढून गेलेले थोडे लोक सांगतात, अशी नोंद स्ट्रॅबोने केली आहे. गावाने आपला देव म्हणून आपला डोंगर नाण्यावर घातला, याला मी ओबडधोबड म्हणू शकत नाही. कसाचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर नाण्याच्या पोटात आहे. डी. आर. वॉकर यांनी 1970 च्या दशकात क्ष-किरणांनी हजारो नाण्यांचा कस मोजला. पुढे केव्हिन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग यांनी नाण्यांना बारीक छिद्र पाडून आतला धातू तपासला, तेव्हा दिसले की पृष्ठभाग फसवा असतो: चकत्यांवर प्रक्रिया करून वरचे तांबे काढून टाकत, त्यामुळे वर चांदी जास्त आणि आत कमी. हीण घालणे आणि ते झाकणे हा टांकसाळीचा विचारपूर्वक केलेला उद्योग होता. ज्या प्रांतात नाण्याला सरकारी भाव बांधून दिलेला आहे आणि परके नाणे येऊ दिले जात नाही, तिथे कमी चांदीत काम भागते. निरोच्या अलेक्झांड्रियाच्या टेट्राड्रॅक्ममध्ये चांदी जेमतेम सहावा हिस्सा, तरी इजिप्तच्या हिशेबात तो एका दिनारियसच्या बरोबरीचा. नाणे हिणकस आहे ते त्या बंद दारामुळे, आणि दार किती घट्ट बंद होते हे कसावरूनच कळते.

ते दार आपल्याकडून पाहिले की आणखी स्पष्ट दिसते. दुसऱ्या शतकातला, आता व्हिएन्नात असलेला एक पपायरस मुझिरिसच्या, म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरच्या व्यापाराविषयी आहे. ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजावरचा हस्तिदंत आणि गंगेकडची जटामांसी यांची किंमत त्यात टॅलंट आणि ड्रॅक्मांत, इजिप्तच्या हिशेबी नाण्यात मांडली आहे. भारताचा माल अलेक्झांड्रियाच्या नाण्यात मोजला गेला, पण ते नाणे भारताच्या वाटेने चालले नाही. दक्षिण भारतातल्या रोमन चांदीच्या साठ्यांत भरणा आहे तो ऑगस्टस आणि टायबेरियसच्या उत्तम कसाच्या दिनारियसांचा. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापाराचा मार्गदर्शक ग्रंथही सांगतो की भडोचच्या बंदरात सोन्याचांदीचे दिनारियस आणले तर स्थानिक नाण्याशी अदलाबदलीत फायदा होतो. परक्या सराफाला बांधून दिलेला भाव मान्य नसतो, तो धातू पाहतो. म्हणून कल्याण-भडोचच्या किनाऱ्याला लागलेल्या जहाजातून बंदा दिनारियस उतरला आणि अलेक्झांड्रियाचा टेट्राड्रॅक्म नाईलकाठी राहिला.

दुसरा आक्षेप अभ्यासकांच्या बाजूने येतो, आणि तो अधिक धारदार आहे. प्रांतिक ‘टांकसाळ’ म्हणता, पण नाणे त्याच गावात पाडले हे कशावरून? कॅराकॅला 215 ते 217 या वर्षांत पार्थियनांवरच्या मोहिमेसाठी पूर्वेत होता. तेव्हा सीरिया, फिनिशिया, पॅलेस्टाइन आणि मेसोपोटेमिया इथल्या अनेक शहरांच्या नावाने गरुडाचा एकच टेट्राड्रॅक्म निघाला. फरक फक्त गरुडाच्या पायांमधल्या खुणेत: टायरचा जांभळा रंग देणारा शंख, इमेसाचा सूर्यदेव, गाझाच्या मार्नस देवाचे अक्षर. आल्फ्रेड बेलिंजर यांनी 1940 मध्ये ही नाणी शहरांत वाटून दिली. त्यांतल्या काही वाटण्या आज वादात आहेत, कारण शैली इतकी सारखी आहे की थोड्याच कारखान्यांनी अनेक शहरांसाठी काम केले असावे. टायरच्या शेकेलबद्दलही असाच वाद आहे. जेरुसलेमच्या मंदिराचा कर याच चांदीत भरला जाई, आणि इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून त्यावर उमटलेल्या दोन अक्षरांवरून पुढची नाणी जेरुसलेमलाच पाडली गेली, असे एक मत आहे. फिलिप या तिसऱ्या शतकातल्या सम्राटाच्या अँटिऑकी नाण्यावर तर ‘राजधानीची टांकसाळ’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत. रोममध्ये पाडून पूर्वेला पाठवलेल्या प्रांतिक चांदीची इतरही उदाहरणे शैलीवरून आणि धातूवरून पुढे आली आहेत. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यामुळे माझे म्हणणे बळकटच होते. खुणेची शहरे एक एक करून ‘पूर्ण’ करण्याच्या नादात जो संग्राहक सर्वांत दुर्मिळ खुणेमागे धावतो, त्याच्या हाती कदाचित एकाच कारखान्याची वेगवेगळी लेबले येतात. त्याच पैशात त्याने एकाच समोरच्या ठशाने जोडलेली दोन शहरांची दोन साधी नाणी शेजारी ठेवली, तर फौजेचा पगार कोणी आणि कुठून भागवला या प्रश्नाला हात घातल्यासारखे होईल.

नाण्यावर नाणे छापण्याची प्रथा राज्य बदलताना कशी वापरली गेली, हेही या पुस्तकात वारंवार येईल. ट्राजनने 106 मध्ये नाबाताई राज्य खालसा केले आणि त्या राजांच्या चांदीवर अरेबिया प्रांताचे उंटाचे नाणे छापले. पुढे 132 ते 135 या काळात ज्यूडियात बार कोखबाचा उठाव झाला, तेव्हा उठाववाल्यांकडे स्वतःची चांदी नव्हती. त्यांनी दिनारियस, ट्राजनचे तेच अरेबियन ड्रॅक्मा आणि अँटिऑकचे टेट्राड्रॅक्म घेऊन त्यांवर तोवर जमीनदोस्त झालेल्या मंदिराचा दर्शनी भाग, तुतारी, द्राक्षांचा घोस छापला. सम्राटाची अक्षरे खाली अर्धवट दिसतात. पहिल्या वर्षाची नाणी फार थोडी, नंतरची बरीच. उठावाचा जोर कसा वाढला ते यात आहे. मराठी वाचकाला इथे जोगळटेंभी आठवेल. नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावी 1906 मध्ये नहपानाच्या चांदीच्या सुमारे 13,250 नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारलेली होती. ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. पेरिप्लसमध्ये भडोचचा जो राजा येतो तो नहपानच, असे मानतात. म्हणजे दिनारियस ज्याच्या बंदरात उतरत होते त्याच्याच चांदीची ही गोष्ट. जोगळटेंभीच्या आधी नहपानाची नाणी अतिशय दुर्मिळ समजली जात आणि एका हंड्याने ती समजूत संपवली. उद्या अनातोलियातल्या एखाद्या शेतात तसेच घडले तर आजचे कितीतरी भाव कोसळतील. ठशांचा अभ्यास, कस आणि छापांचे थर मात्र कोसळणार नाहीत, उलट त्यांत भर पडेल.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो सर्वांत जड वाटतो. दुर्मिळ नाण्याला मिळणारी किंमत हीच शेत उकरणाऱ्याच्या हातातली कुदळ असते. सीरियातल्या अपामिया इथे युद्ध सुरू झाल्यावर उपग्रहाच्या छायाचित्रांत खड्ड्यांची जी चाळण दिसली, ती पाहिल्यावर हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ म्युझियम्सने 2013 मध्ये सीरियाच्या धोक्यातल्या वारशाची जी लाल यादी काढली, तीत नाणीही आहेत. साठ्यातून एक ‘दुर्मिळ’ नाणे निवडून विकले आणि उरलेली शंभर साधी नाणी विखुरली, की साठा कधी पुरला, त्यात काय काय एकत्र होते, कोणते नाणे किती झिजलेले होते, हे सगळे कायमचे जाते. चांदी शाबूत राहते आणि पुरावा नष्ट होतो. तुर्कस्तानच्या कायद्याने जमिनीत सापडलेले नाणे सरकारचे असते. ते बाहेर कसे आले हे न विचारता विकत घेणारा त्या नाशात भागीदार आहे, असे मी स्पष्टपणे लिहितो. म्हणून 1970 च्या युनेस्को करारापूर्वीपासून ज्याची नोंद, छायाचित्र किंवा जुन्या संग्रहाचा दाखला आहे, तेच नाणे घ्यावे. अशी नाणी कमी मिळतात आणि महाग पडतात, हे खरे. यावर असे विचारले जाते की मग संग्राहक हवाच कशाला, वस्तुसंग्रहालये पुरेशी नाहीत का? ठशांच्या अभ्यासापुरते तरी नाहीत. तिथे सुंदर नमुन्यापेक्षा अनेक नमुने लागतात. संग्रहालय एखाद्या छापेची एक-दोन नाणी ठेवून थांबते. झिजलेला, तिरका छापलेला, काठ तुटलेला तिसावा नमुना खाजगी संग्रहात किंवा जुन्या लिलावाच्या छायाचित्रात असतो, आणि न पाहिलेला ठसा त्याच्यावरच सापडण्याचा संभव असतो.

बनावट नाणी कुठे जास्त होतात, हे पाहिले तरी बाजारी दुर्मिळतेचा तोटा कळतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल विल्हेल्म बेकर या जर्मन माणसाने शेकडो ठसे स्वतः कोरून प्राचीन नाणी पाडली. ते ठसे आज बर्लिनला जपून ठेवलेले आहेत. अशा कारागिराला निरोच्या सामान्य टेट्राड्रॅक्मवर मेहनत घेण्यात काही मिळत नाही. तो सिसेरोच्या किंवा झेनोबियाच्या नाण्याकडे वळणार.

यामुळे पुढची प्रकरणे टांकसाळींप्रमाणे लावली असली तरी नोंदींत दुर्मिळतेची प्रतवारी दिलेली नाही. प्रत्येक छापेखाली माहीत असलेल्या नमुन्यांच्या शेजारी माहीत असलेल्या ठशांची संख्या आहे, वजन आहे, वरच्या ठशाचे खालच्या ठशाशी किती कोनात वळण आहे ते आहे, आणि नाणे दुसऱ्या नाण्यावर छापलेले असेल तर खालचे कोणते तेही. हेड्रियनच्या सिस्टोफोरसांची छायाचित्रे दोनदा छापली आहेत, एकदा हेड्रियन सरळ दिसेल अशी आणि एकदा ऑगस्टस किंवा अँटनी सरळ दिसेल अशी फिरवून. नाणे कुठून आले, याचा रकाना प्रत्येक नोंदीत आहे. जिथे माहिती मिळाली नाही, तिथे तो कोरा ठेवला आहे.